जुना फ्लॅट घेण्याआधी दुरुस्तीचा खर्च कसा काढायचा

जुना फ्लॅट घेऊन, नीट करून भाड्याने द्यायचा विचार असला की लोक मला पहिला प्रश्न विचारतात तो हा: "ताई, चौरस फुटाला किती धरू?" कुणी आठशे धरून बसलेलं असतं, कुणी दीड हजार. मी बरीच वर्षं एका ठेकेदाराकडे बिलिंग केलं. म्हणजे साइटवर झालेलं काम टेपने मोजायचं आणि त्याचं बिल बनवायचं. त्यामुळे हा प्रश्न ऐकला की मी उलट विचारते, कशाच्या चौरस फुटाला? फरशीच्या, रंगाच्या, की वॉटरप्रूफिंगच्या? ४४० चौरस फुटांच्या घरात रंगाचं क्षेत्र १,७०० चौरस फूट भरतं आणि वॉटरप्रूफिंगचं जेमतेम ७३. या सगळ्याला एकच दर लावला तर जो आकडा येतो तो कुणाच्याच उपयोगाचा नसतो.

मी आणि माझा धाकटा भाऊ कोथरूड-कर्वेनगर पट्ट्यात ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकातले छोटे फ्लॅट बघतो. आमचा हिशोब दोन खात्यांत असतो. पहिलं खातं सौद्याचं: जे काम कुणीही घर घेतलं तरी करावंच लागेल, त्याचा खर्च विकणाऱ्याच्या किमतीतून वजा झाला पाहिजे. दुसरं खातं भाड्याचं: जे केल्याने भाडं वाढतं, त्याचा खर्च वाढीव भाड्यातून परत आला पाहिजे. कुठल्याच खात्यात बसत नाही ते काम करायचं नाही, कितीही सुंदर दिसत असलं तरी. आणि हा अंदाज टोकन देण्याआधी तयार हवा. टोकन दिल्यावर पहिलं खातं तुमच्याच खिशातून भरावं लागतं.

टेप काढण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात

इमारत रीडेव्हलपमेंटला चालली आहे का, हे आधी विचारा. पुण्यात जुन्या सोसायट्यांमध्ये हा विषय सतत चालू असतो. शासनाच्या ४ जुलै २०१९च्या निर्णयाप्रमाणे ५१ टक्के सभासदांच्या संमतीने तो पुढे जाऊ शकतो. सर्वसाधारण सभेची मागच्या दोन-तीन वर्षांची इतिवृत्तं बघायला मागा. सल्लागार नेमला असेल, विकसकांच्या निविदा मागवल्या असतील, तर हिशोबच बदलतो. अशा घरात फक्त नळ, वायरिंग आणि एक हात रंग. रीडेव्हलपमेंटचं पत्र आलेलं असतानाही स्वयंपाकघरात लाखांच्या ट्रॉल्या बसवणारी माणसं मी पाहिली आहेत.

त्याच भेटीत स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागा. आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. अहवालात मोठी दुरुस्ती सुचवली असेल तर तिच्या वर्गणीतला तुमचा वाटा पहिल्या खात्यात लिहा. हस्तांतरण शुल्काला २५,००० रुपयांची मर्यादा आहे, आणि भाड्याने दिल्यावर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. दोन्ही आकडे वहीत टाका. डेब्रिजसाठी, म्हणजे राडारोड्यासाठी, अनामत किती, काम कुठल्या वेळेत करू देतात, लिफ्टमधून माल नेऊ देतात का, हेही विचारा. लिफ्ट नाही किंवा नेऊ देत नाहीत, तर पुढे प्रत्येक गोणीमागे पैसे लागणार आहेत.

घर बघायला जाताना

टेप, बॅटरी, एक जड किल्ली, मोबाइल चार्जर आणि वही एवढं बरोबर ठेवा. किल्लीने बाथरूमच्या टाइल्स आणि छताचं प्लास्टर वाजवून बघायचं. बद्द आवाज आला की आतून सुटलेलं आहे. छताला सळईच्या रेषेत तडा आणि त्याशेजारी तांबूस डाग दिसला तर सळई गंजून फुगली आहे, ते रंगाने झाकलं जातं पण थांबत नाही. चार्जर प्रत्येक सॉकेटमध्ये लावून बघा. सगळ्यात लांबचा नळ सोडा, मग दुसरा सोडा. पहिल्याची धार एकदम बसली तर जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपला आतून गंज चढला आहे. सकाळी पहिलं पाणी लालसर येतं का, हे घरमालकापेक्षा घरात काम करणाऱ्या मावशींना विचारलेलं बरं.

आणि खालच्या मजल्यावर जा. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच लोक संकोचाने टाळतात. बेल वाजवून सरळ सांगा, "काकू, वरचा फ्लॅट बघतोय, तुमच्या बाथरूमचं छत बघू का?" बहुतेक काकू आनंदाने दाखवतात, कारण त्या वर्षानुवर्षं त्या गळतीवरून भांडत असतात. तिथे ओल, खार किंवा सुटलेलं प्लास्टर दिसलं की वरच्या बाथरूम-संडासाचं वॉटरप्रूफिंग पहिल्या खात्यात पक्कं झालं. आदर्श उपविधींनुसार गच्चीची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची, घरातल्या बाथरूम, संडास आणि सिंकची सभासदाने. त्यामुळे ओल नक्की कुठून येते हे ठरवल्याशिवाय आकडा लिहू नका.

मीटर बघायला विसरू नका. जुन्या बिलावर मंजूर भार एक-दोन किलोवॅटच असतो. एसी आणि गीझर दोन्ही द्यायचे असतील तर महावितरणकडे भार वाढवून घ्यावा लागतो. त्याचा खर्च फार नसतो, पण वेळ जातो.

मापं

खरं काम इथे आहे. प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि दार-खिडक्या लिहून घ्या. एक नमुना देते, दुसऱ्या मजल्यावरचा, बिनलिफ्टचा वन बीएचके: हॉल १० बाय १५, बेडरूम १० बाय ११, स्वयंपाकघर ८ बाय ९, पॅसेज ३ बाय १०, बाल्कनी ४ बाय १०, बाथरूम ४ बाय साडेसहा, संडास ३ बाय ४. उंची साडेनऊ फूट. बेरीज ४४० चौरस फूट.

रंग. हॉलचा घेर ५० फूट, बेडरूमचा ४२, पॅसेजचा २६, स्वयंपाकघराचा ३४. घेर गुणिले उंची केली की भिंती १,४४४ चौरस फूट होतात. छतं ४४०. बाथरूम-संडासात टाइल्सच्या वरची पट्टी सुमारे ८७. दारं, खिडक्या आणि ओट्यावरच्या टाइल्स यांचे २७० वजा केले तर १,७०० उरतात. रंगारी दार-खिडकी पूर्ण वजा करतो, अर्धी करतो की करतच नाही, हे आधी बोलून घ्या. चौरस फुटाला दोन रुपयांची घासाघीस करण्यापेक्षा यात जास्त पैसे वाचतात.

वॉटरप्रूफिंग. बाथरूम-संडासाचा तळ ३८ चौरस फूट. पण कोबा (पाणी अडवणारा सिमेंटचा थर) भिंतीवरही एक फूट चढवावा लागतो, नाहीतर पाणी कोपऱ्यातून जातं. दोन्हीचा घेर २१ आणि १४, म्हणजे आणखी ३५. एकूण ७३. बरेच ठेकेदार कोटेशनमध्ये ३८ लिहितात आणि बिलात ७३ मोजतात. यात लबाडी असतेच असं नाही. तुम्ही विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

बाथरूमच्या टाइल्स. सात फूट उंचीपर्यंत, दारं वजा करून, बाथरूममध्ये १३० आणि संडासात ८२. तळ मिळून २५०. फुटतूट १० टक्के धरून २७५ विकत घ्यायच्या.

आता फरशी. ऐंशीच्या दशकातल्या घरांत मोझेक असतं, आणि ते नकोच असं सगळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. मला विचाराल तर भाड्याच्या घरात धड असलेलं मोझेक फोडणं ही उधळपट्टी आहे. हिशोब बघा. बाल्कनी आणि बाथरूम-संडास सोडून ३६२ चौरस फूट फरशी आणि ४० चौरस फूट स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी), १० टक्के फुटतूट धरून ४४२. दोन बाय दोनच्या बॉक्सात चार टाइल्स, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट बसतात (टाइल खरं तर ६०० मिलिमीटरची, दोन फुटांना जराशी कमी असते). २९ बॉक्स लागले, दोन जादा ठेवायचे, कारण पुढे तीच छटा मिळत नाही. इथपर्यंत सगळेच मोजतात. फोडल्यानंतरचं कुणी मोजत नाही.

राडारोडा

मोझेक आणि खालचा मसाला मिळून तीन इंच जाडी धरा. ३६२ चौरस फुटांवर ते ९० घनफूट होतं. बाथरूम-संडासाच्या तळातली भर ३८, भिंतीच्या टाइल्स आणि त्यामागचा मसाला २६, ओटा १०. फोडल्यावर माल फुगतो, मी १.४ने गुणते. म्हणजे फक्त बाथरूम, संडास आणि ओटा फोडला तर साधारण १०४ घनफूट, फरशीही फोडली तर २३०. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत एक घनफूट भरला तर बिगारी ती खांद्यावर घेऊ शकतो, चाळीसेक किलो होते. म्हणजे १०४ गोण्या की २३० गोण्या, एवढाच प्रश्न आहे. २३० गोण्या म्हणजे नऊ टनांच्या वर वजन, जिन्याने खाली, आणि छोट्या हत्तीच्या बारा-तेरा फेऱ्या. टेम्पोवाल्याला माल महापालिकेने ठरवलेल्या जागीच टाकायला सांगा. नदीकाठी किंवा टेकडीच्या पायथ्याशी टाकताना सापडला तर दंड होतो, आणि पुण्याच्या टेकड्यांची तेवढी तरी लाज राखावी.

दोन खाती मांडून

खालचे दर मी आमच्या भागात सध्या धरते ते आहेत. तुमच्या गावात ते वेगळे असतील, मापं काढायची रीत तीच राहील.

सौद्याचं खातं:
आतली सगळी पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन नवी, उक्तं (एकरकमी ठरवलेलं) काम: ४८,०००
वॉटरप्रूफिंग ७३ चौरस फूट, दर १६०: ११,६८०
बाथरूम-संडासाच्या टाइल्स २७५ चौरस फूट, दर ४५: १२,३७५
त्या बसवण्याची मजुरी २५० चौरस फूट, दर ४५: ११,२५०
वायरिंग ३५ पॉइंट, दर ९००: ३१,५००
डीबी (विजेची वितरण पेटी), एमसीबी, आरसीसीबी (धोका झाला की वीज आपोआप तोडणारे स्विच) आणि एसी-गीझरच्या वेगळ्या लाइन: १४,०००
फोडणं, १०४ गोण्या उतरवणं, टेम्पोच्या सहा फेऱ्या: १९,०४०
गंजलेल्या खिडक्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या, ३६ चौरस फूट, दर ५००: १८,०००

बेरीज १,६५,८४५. यावर १५ टक्के अडीअडचणीचे, कारण हे सगळं भिंतीच्या आणि तळाच्या आतलं काम आहे, उघडल्याशिवाय खरं कळत नाही. झाले १,९१,००० च्या आसपास. विकणाऱ्याशी बोलताना "किंमत जरा कमी करा" म्हणू नका. हा कागद पुढे ठेवा आणि खालच्या काकूंच्या छताचा फोटो दाखवा. आम्ही पूर्ण रक्कम मागतो; निम्मी सुटली तरी ती खरी सूट असते. काहीच सुटली नाही, तर फ्लॅटची किंमत तुमच्यासाठी दोन लाखांनी जास्त आहे असं समजून मग घ्यायचा की नाही ते ठरवा.

भाड्याचं खातं:
रंग, पुट्टीसकट, १,७०० चौरस फूट, दर २०: ३४,०००
मोझेकला पॉलिश ३६२ चौरस फूट, दर १८: ६,५१६
ग्रॅनाइटचा ओटा, सिंक, खाली साध्या ट्रॉल्या: ५५,०००
कमोड, नळ, शॉवर, गीझर: ३२,०००
पंखे, दिवे: ९,०००
एक कपाट: ४०,०००

बेरीज १,७६,५१६. हे सगळं डोळ्यांसमोरचं काम, म्हणून अडीअडचण फक्त पाच टक्के. झाले १,८५,०००. (कमोड पहिल्या खात्यात की दुसऱ्या, यावर माझं आणि भावाचं अजून पटलेलं नाही.) आता त्याच गल्लीतले, न सुधारलेले आणि सुधारलेले, दोन्ही प्रकारचे फ्लॅट किती भाड्याला जातात ते बघा. जाहिरातीतला आकडा धरू नका. दोन एजंटांना विचारा आणि वॉचमनला विचारा. वॉचमनचा आकडा सहसा खरा निघतो. समजा १३,०००चे १८,००० होत असतील, तर महिना ५,००० जास्त. वर्षात एक महिना घर रिकामं राहील असं धरून ५५,००० रुपये. खातं साडेतीन वर्षांच्या आत वसूल. माझी मर्यादा चार वर्षं आहे, कारण त्यानंतर रंग आणि नळ पुन्हा पैसे मागायला लागतात.

नवी फरशी या मापात घालून बघा. टाइल्स २८,८३० (३१ बॉक्स, दर चौरस फुटाला ६०), बसवणं १४,०७०, सिमेंट-वाळू ९,०००, वाढीव १२६ गोण्या, सात फेऱ्या आणि फोडणारे बिगारी मिळून २१,३१०. एकूण ७३,२१०. पॉलिशपेक्षा ६६,६९४ जास्त. त्यामुळे भाडं हजाराने वाढलं तरी वसुलीला सहा वर्षं. विकायचं घर असेल तर मात्र मी फरशी बदलते. विकत घेणारा माणूस पहिल्यांदा खालीच बघतो, भाडेकरू आधी बाथरूम आणि पाण्याची वेळ बघतो.

कोटेशन

तिघांकडून कोटेशन घ्यायचंच, पण तिघांना तुमचाच मापाचा कागद द्या आणि फक्त दर भरायला सांगा. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने मांडलेली तीन कोटेशनं शेजारी ठेवून काहीच कळत नाही. कुठलं काम मजुरीवर, कुठलं मालासकट, कुठलं उक्तं, हे समोर लिहा. टाइल्स, वायर आणि नळ मी स्वतः आणते. सिमेंट-वाळू ठेकेदाराच्या अंगावर टाकते, नाहीतर गोण्या कुठे जातात ते कळत नाही. भिंतीत पाइपसाठी खाच पाडणं आणि ती परत बुजवणं, स्कर्टिंग, माल वर चढवणं, चौकटी पुन्हा बसवणं: या चार गोष्टी दरात धरल्या आहेत का, ते विचारा. ठेकेदार नोंदणीकृत असेल तर १८ टक्के जीएसटी लागेल. हातात जुनं कोटेशन असेल तर सिमेंटचा दर पुन्हा घ्या. २२ सप्टेंबर २०२५पासून सिमेंटवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

पैसे टप्प्याटप्प्याने. सुरुवातीला १० टक्के. फोडणं आणि लाइन झाल्यावर एक हप्ता. वॉटरप्रूफिंग झाल्यावर तळात तीन दिवस पाणी साठवून ठेवायचं, रोज खालच्या काकूंचं छत बघायचं, कोरडं असेल तरच पुढचा हप्ता. त्याआधी टाइल्स लावू द्यायच्या नाहीत, ठेकेदाराने कितीही घाई केली तरी. शेवटचे १० टक्के घर महिनाभर वापरात आल्यावर.

महिने

अंदाजात सगळ्यात जास्त विसरली जाणारी ओळ म्हणजे वेळ. ४५ लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज: महिन्याचा हप्ता ३९,००० च्या वर जातो. त्यात सोसायटीचा देखभाल खर्च. काम दोन महिने लांबलं की ८०,००० गेले, म्हणजे वर जी फरशी आपण वाचवली तिच्याहून जास्त. म्हणून कामाचे महिने मोजून त्यांचा हप्ता पहिल्या खात्याखाली वेगळा लिहा. वरच्या फ्लॅटला मी दीड महिना धरीन.

त्यातही कुठला दीड महिना, हे बघावं लागतं. पावसाळ्यात भिंत सुकत नाही. ओल्या भिंतीवर पुट्टी मारली तर दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात. होळीला आणि दिवाळी-छठच्या वेळी टाइल्सवाले आणि रंगारी गावी जातात, आणि सांगितलेल्या तारखेला परत येतीलच असं नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत शेजारी ड्रिल चालवू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. आम्ही शक्यतो मार्चच्या शेवटी ताबा घेऊन मेमध्ये घर तयार ठेवतो, कारण जूनमध्ये कॉलेजं आणि बदल्यांमुळे घर शोधणारे जास्त असतात.

बिलं

रोख देऊन पावती न घेण्यात जीएसटी वाचतो, असं ठेकेदार सांगेल. भाड्याच्या उत्पन्नावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, ती तुम्ही दुरुस्तीला खर्च केला काय, नाही केला काय, तेवढीच असते. रंगाचं बिल वेगळं दाखवता येत नाही. पण पुढे फ्लॅट विकताना नव्या पाइपलाइन, वायरिंग, बाथरूम यांसारख्या भांडवली सुधारणांचा खर्च खरेदीच्या किमतीत मिळवता येतो आणि भांडवली नफा तेवढा कमी होतो. त्यासाठी बिल आणि बँकेतून दिलेल्या पैशांचा पुरावा लागतो. पहिल्या खात्यातली मोठी कामं म्हणून बिलाने करा. कोणता खर्च सुधारणा आणि कोणता नुसती दुरुस्ती, हे सीएला काम सुरू होण्याआधी विचारा, म्हणजे ठेकेदाराकडून बिलावर कामाचं वर्णन नीट लिहून घेता येतं. नुसतं "किरकोळ काम" असं लिहिलेलं बिल आणलंत तर सीए ते बाजूला ठेवतो.